झाडे–कुऱ्हाडे: आर्वीच्या एका छापखान्याचा अनुभव

लग्न ठरले की मंगल कार्यालय, आचारी, मंडप, बिछायत आणि बँड यांची चौकशी गावभर होते, पण पत्रिका कोठे छापावी हे कोणी कोणाला विचारत नाही. जो छापखाना रस्त्यात लागेल तेथे मजकुराचा कागद द्यायचा आणि मोकळे व्हायचे, अशीच आमच्याकडची रीत आहे. मीही तीच रीत पाळली आणि पहिल्या खेपेस पस्तावलो. दुसऱ्या खेपेस मात्र आर्वीतील एका जुन्या, लहान छापखान्याने माझ्या मुलीच्या लग्नाच्या ४५० पत्रिका इतक्या जाणतेपणाने करून दिल्या की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. आमच्या दोन घरांची आडनावे एका ओळीत छापणे हे साधे काम नव्हते, आणि ज्यांच्या घरी असाच प्रसंग असेल त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल.

आमचे आडनाव झाडे आणि व्याह्यांचे कुऱ्हाडे. वर्धा जिल्ह्यात ही दोन्ही आडनावे कानांना इतकी सरावाची आहेत की एकेकटी उच्चारली तर त्यांचा अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. शाळेत ३४ वर्षे हजेरी घेताना मी कितीतरी झाडे आणि कितीतरी कुऱ्हाडे पुकारले, पण कधी एकाही मुलाला हसू आले नाही. दोन्ही नावे शेजारी आली की मात्र अर्थ अचानक जागा होतो. सोयरीक पक्की झाली त्या बैठकीतच एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण उच्चारली आणि सगळी बैठक हसली. हसण्यात वाईट भाव नव्हता. तरीही या म्हणीतला ‘गोत’ हा शब्द सोयरिकीच्या बैठकीत ज्या ठिकाणी जाऊन लागतो, ते ठिकाण मुलीच्या आईला जाणवल्याशिवाय राहिले नाही. पुढे गावात तर बोलीची सामान्यरूपे मदतीला धावून आली. ‘झाड्याची पोरगी कुऱ्हाड्याच्या घरी चालली’ हे वाक्य मी आठ दिवसांत किमान दहा तोंडांतून ऐकले. आडनावाचे सामान्यरूप झाले की त्यातला आदरार्थी एकार गळून पडतो आणि मागे नुसते झाड, नुसती कुऱ्हाड उरते, हे व्याकरण मी आयुष्यभर शिकवले. ते आपल्याच अंगणात असे उभे राहील याची कल्पना नव्हती.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, दीडशे निमंत्रणे आम्ही दुसरीकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी छापून घेतली होती. त्या दुकानाचे नाव मी घेत नाही, कारण चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. त्यांनी छपाईपूर्वी मुद्रित, म्हणजे तपासण्यासाठी काढलेली पहिली प्रत, मात्र दाखवले नाही, आणि गठ्ठा घरी आणून सोडला तेव्हा मथळ्याची पहिली ओळ ‘झाडे–कु’ येथे संपलेली आणि दुसरी ओळ ‘हाडे परिवार’ अशी सुरू झालेली आढळली. ऱ्ह हे अक्षर त्यांच्या संगणकावर उमटत नव्हते, म्हणून त्यांनी ‘कु-हाडे’ असे मध्ये आडवी रेघ देऊन लिहिले आणि ओळ भरताच यंत्राने त्या रेघेवरच नाव तोडले. मंगलकार्याच्या कागदावर ‘हाडे’ हा शब्द सुटा आणि ठळक छापलेला पाहून व्याह्यांच्या वृद्ध आईंनी कागद बाजूला ठेवला व ‘आमच्या घराचं नाव मधातच तोडलं’ एवढेच म्हणाल्या. त्यातच ‘कु.’ म्हणजे कुमारी असा संक्षेप आपल्या पत्रिकांत रूढ असल्यामुळे, ज्यांना आमची माहिती नव्हती अशा, घरी आलेल्या दोन पाहुण्यांनी तो कागद पाहून मुलीचे आडनाव हाडे आहे असे समजून चौकशी केली. तो गठ्ठा आम्ही वाटला नाही. सगळी निमंत्रणे तोंडी दिली.

या ऱ्ह विषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे, कारण माझ्या मते विदर्भातल्या कोणत्याही पत्रिका छापणाऱ्याची परीक्षा याच अक्षरावर घ्यावी. मराठीत र हा पुढच्या अक्षराला दोन प्रकारे जोडला जातो. डोक्यावर रफार दिला तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र होतो, आणि बाजूला अर्ध्या चंद्रासारखा र दिला तर ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा होतात. कुऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावे दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि वर्धा नदीपलीकडच्या भागाचे नाव ‘वऱ्हाड’ आणि लग्नाला येणारे ‘वऱ्हाड’ हे शब्दही त्याच प्रकारचे आहेत. म्हणजे आडनाव कोणतेही असो, पत्रिकेत ‘वऱ्हाडी मंडळी’ हा शब्द आला की हे अक्षर लागतेच. टंक जुना असेल, किंवा टंकलेखन करणाऱ्याला खाली टिंब असलेला ऱ कळफलकावर कोठे आहे हे माहीत नसेल, तर एक तर ‘कुर्हाडे’ असे रफाराचे अशुद्ध रूप छापले जाते किंवा मध्ये रेघ येते. मराठी वाचणाऱ्याला हा फरक पत्रिका हातात घेताच खुपतो.

तर आता ज्या छापखान्याविषयी लिहायचे आहे त्याकडे वळतो. आर्वीच्या बाजारपेठेतील एका गल्लीत, कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांमध्ये, जेमतेम दहा फूट रुंदीचे हे दुकान आहे. दर्शनी भागात काचेच्या कपाटात नमुन्याची कोरी कार्डे लावलेली आहेत. त्यातली बरीचशी तामिळनाडूतल्या शिवकाशीत तयार होऊन नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यांकडून येतात. मागच्या खोलीत संगणक, स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटी आणि पत्रिका सुकवण्याची लाकडी मांडणी आहे. कोपऱ्यात पायाने चालवायचे जुने ट्रेडल छपाईयंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, लाकडी पेट्या आजही ठेवलेल्या आहेत. मालकांच्या वडिलांनी याच यंत्रावर आयुष्य काढले. अर्ध्या ऱ चे खिळे ज्या घरात असत ते घर मालकांनी मला मुद्दाम दाखवले. शिशाचा तो इवलासा खिळा मी हातावर घेऊन पाहिला, त्यावर उलटा उमटलेला अर्धचंद्र बोटाला लागत होता. हे खिळे झिजले किंवा संपले की ते जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना नाइलाजाने आडवी रेघ लावावी लागे, आणि ती नाइलाजाची खूण पुढे सवय होऊन संगणकातही शिरली, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी मात्र ऱ चे खिळे नेहमी जास्तीचे मागवून ठेवले, कारण ‘वऱ्हाडाच्या शेजारी राहून वऱ्हाड नीट छापता येत नाही तर छापखाना कायले पायजे’, असे ते म्हणत.

मी मजकुराचा कागद पुढे केला तेव्हा मालकांनी तो लगेच संगणकावर बसलेल्या ताईंकडे दिला नाही. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आडनावे पाहिली, क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, “गुरुजी, दोन्ही नावं एका दमात मोठ्यानं म्हणून पाहा बरं. पत्रिका हातात घेतली का माणूस पहिले तेच करते.” मी म्हटले. ते हसले नाहीत. “इवायाले विचारलं का जी, मथळ्यात नावं कशी पाहिजे म्हणून?” असे त्यांनी व्याह्यांविषयी पुढे विचारले. विचारले नव्हते, हे मला कबूल करावे लागले. तेव्हा त्यांनी कागद परत दिला आणि दोन्ही घरे बोलून घ्या, मगच जुळवणीला घेतो, असे सांगितले. लग्नसराईच्या ऐन गर्दीत आलेले गिऱ्हाईक असे परत पाठवणारा दुकानदार मी आजवर पाहिला नव्हता. या दुकानाचा सर्वांत मोठा गुण कोणता असे मला विचारले, तर मी कागद आणि शाई यांच्याआधी हे वाचून पाहणे सांगेन.

बोलता बोलता त्यांनी एक जाडजूड वही काढली. छापून झालेल्या प्रत्येक पत्रिकेची एक प्रत तीत डकवून ठेवायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता आहे. पुढचा तास मी ती वही पाहण्यात घालवला आणि त्या तासाचे मला अजूनही अप्रूप वाटते. आमच्या मुलखातली आडनावे शेत, रान, स्वयंपाकघर, जनावरे आणि हवापाणी यांतून आलेली आहेत. गावावरून पडलेली ‘कर’ प्रत्ययाची नावे आहेत, आणि चंद्रपूर–यवतमाळकडे तेलुगू मुलखाच्या शेजाराने आलेली ‘वार’ने संपणारी नावे आहेत. मात्र जोडी जमली की खरी गंमत पहिल्या गटातच होते, कारण कन्नमवार आणि पोहनकर शेजारी ठेवले तर काहीच घडत नाही, पण कापसे आणि बोंडे शेजारी आले की सगळा हंगाम डोळ्यांपुढे उभा राहतो. कापसे–बोंडे ही पत्रिका वहीत खरोखरच होती, आणि तीवर दोन्ही घरांच्या संमतीने कापसाचे फुटलेले बोंड छापले होते. कापसाच्या मुलखातल्या दोन शेतकरी घरांना यापेक्षा शोभणारे चित्र कोणते असणार? सातपुते–बाराहाते, कडू–साखरे, दिवे–अंधारे, मांजरे–दुधे अशाही जोड्या पुढे होत्या. दिवे–अंधारे यांच्या पत्रिकेत गोरज मुहूर्त होता, आणि तो पाहून मला फार बरे वाटले.

ढगे–कोरडे या पत्रिकेपाशी मालक स्वतः थांबले. मृगाच्या तोंडावरचे लग्न, मुलाकडचे ढगे आणि मुलीकडचे कोरडे. मुलीचे वडील पत्रिका न्यायला आले तेव्हा त्यांना आडनावांचे काही नव्हते. आभाळ भरून येत होते आणि मांडव उघड्यावर होता, याचीच चिंता होती. पाऊस आला तर लग्न अडते आणि नाही आला तर पेरणी अडते, अशा कात्रीत सापडलेल्या त्या माणसाला पुढे नातेवाइकांनी ‘ढगे आले, आता कोरडे राहत नाही’ म्हणून चिडवले, आणि तोही त्या हसण्यात सामील झाला. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या माणसांचे हसू असे असते. पोटातली काळजी ज्याला ठाऊक आहे त्याने ते काढलेले असते, म्हणून ते लागत नाही.

वाघ–शेळके ही पत्रिका मात्र मालकांना त्रासाची गेली होती. मुलाच्या मित्रांना फ्लेक्सवर वाघाचे चित्र आणि त्याच्यापुढे शेळी हवी होती. मालकांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण मला पूर्ण पटले. आमच्या जिल्ह्यातल्या बोर अभयारण्याला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या आसपासच्या गावांत वाघाने शेळी नेणे ही पंचनाम्याची आणि नुकसानभरपाईच्या अर्जाची बाब आहे. ज्या घरची शेळी गेली आहे त्या घरापुढे असे चित्र टांगू नये. शिवाय सगळ्यांनी वाघ म्हणजे मुलाकडचे असे गृहीत धरले होते. वहीतल्या पत्रिकेवर पाहिले तर वाघ हे माहेर होते आणि शेळके हे सासर.

असे प्रसंग आपल्याच भाषेत घडतात असे मुळीच नाही. अमेरिकेत २०१५ साली बर्गर आडनावाच्या तरुणाचे किंग आडनावाच्या तरुणीशी लग्न झाले, तेव्हा त्या जोडनावाच्या खाद्यपदार्थ कंपनीने लग्नाचा खर्च उचलल्याची बातमी जगभर गेली होती. आपल्याकडे खर्च कोणी उचलत नाही, पण जोडनाव मात्र पत्रिका, फ्लेक्स, वऱ्हाडाच्या गाडीची काच आणि आहेराची वही अशा सगळ्या ठिकाणी उमटते. त्यामुळे ते कसे लिहायचे याचा विचार आधी व्हायला हवा.

दोन दिवसांनी व्याह्यांना बरोबर घेऊन मी पुन्हा गेलो. मालकांनी आमच्यापुढे तीन नमुने ठेवले. पहिल्यात नेहमीप्रमाणे ‘झाडे–कुऱ्हाडे परिवार’ असा मथळा होता. दुसऱ्यात मथळ्याच्या जागी फक्त वधूवरांची नावे मोठ्या अक्षरांत आणि दोन्ही कुटुंबांची नावे खाली डाव्या–उजव्या बाजूला, आपापल्या गाव–तालुक्यासह होती. तिसऱ्यात आडनावे मथळ्यातच होती, पण मधली रेघ काढून तेथे ‘आणि’ हा शब्द घातला होता, व दोन्ही नावे एकाखाली एक मांडली होती. आडनाव लहान करावे, लपवावे किंवा गाळावे असा सल्ला त्यांनी एकदाही दिला नाही. रेघ असली की माणूस दोन नावे एका झटक्यात वाचतो, ‘आणि’ असले की पहिले नाव पूर्ण वाचून मग दुसऱ्याकडे जातो, एवढेच त्यांनी सांगितले. हे मला शाळेत कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला शिकवले नव्हते.

व्याही आतापर्यंत गप्प होते. ते पिढीजात शेतकरी आहेत आणि मोजकेच बोलतात. त्यांनी तिसऱ्या नमुन्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “कुऱ्हाडीले दांडा असते तो झाडाचाच असते ना जी. दांडा नसला तं नुसतं पातं, कोणत्या कामाचं?” आमच्याकडे हा दांडा धावड्याचा किंवा बाभळीचा करतात, आणि चांगला दांडा घडवायला दिवस जातो हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे. बैठकीत ज्या म्हणीने माझ्या पत्नीच्या मनात बोच ठेवली होती, तीच म्हण त्यांनी दुसऱ्या बाजूने धरली होती. मी घरी येऊन हे वाक्य तिला जसेच्या तसे सांगितले. तिसरा नमुना दोन्ही घरांच्या मताने ठरला.

मुलीच्या नावाचा प्रश्न त्यानंतर निघाला, आणि येथेही या दुकानाने जी माहिती दिली ती मोलाची होती. मुलगी नोकरी करते. तिची सगळी प्रमाणपत्रे झाडे या नावाने आहेत आणि लग्नानंतरही तेच नाव ठेवण्याचा तिचा विचार आहे. विवाहानंतर स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. अमरावतीचे महापौर राहिलेल्या देवीसिंह शेखावत यांच्याशी विवाह झाल्यावरही प्रतिभाताई पाटील याच आडनावाने २००७ ते २०१२ या काळात देशाच्या राष्ट्रपती होत्या, आणि त्यांचे पूर्ण नाव प्रतिभा देवीसिंह पाटील असे लिहिले जाते. शास्त्रीय संगीतात अश्विनी भिडे–देशपांडे आणि आरती अंकलीकर–टिकेकर या दोघींनी माहेर आणि सासर अशी दोन्ही आडनावे सांभाळली आहेत. मुलीने क्षणभर ‘झाडे–कुऱ्हाडे’ असे जोडनाव घेण्याचाही विचार केला होता, पण प्रत्येक कार्यालयातल्या प्रत्येक खिडकीवर त्या जोडीचे स्पष्टीकरण देत बसणे तिला नको होते, आणि तिचे म्हणणे मला योग्य वाटले.

पत्रिकेत नाव लिहिताना तिने आपले नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम मागितला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत याच क्रमाने नोंदवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. आमची मुलगी त्या तारखेच्या कितीतरी आधी जन्मलेली आहे, तेव्हा तिच्यावर तो क्रम बंधनकारक नाही. मालकांनी मात्र एक शंका आठवणीने काढली. विवाह नोंदणीसाठी ग्रामपंचायतीत जी कागदपत्रे द्यावी लागतात त्यांत लग्नपत्रिका जोडली जाते, आणि पत्रिकेतले नाव आधार कार्डाशी किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळले नाही तर नोंदणीच्या वेळी विचारणा होऊ शकते. म्हणून त्यांनी दोघांच्या दाखल्यांच्या छायाप्रती मागितल्या, वयाच्या नोंदी पाहिल्या, आडनावांची अक्षरे एकेक करून ताडली आणि आईचे नाव असलेली ओळ मथळ्यात ठेवून दाखल्याप्रमाणे असलेले नाव आतल्या पानावर घेतले. मुलाच्या दाखल्यावर ‘कुर्हाडे’ असे रफाराचे रूप होते, ते त्यांच्याच लक्षात आले. पत्रिकेत शुद्ध रूपच छापू, पण दाखल्याचे प्रकरण लग्नाआधी शाळेत जाऊन विचारून घ्या, असे त्यांनी व्याह्यांना सुचवले.

प्रत्यक्ष पत्रिकेविषयी आता लिहितो. आम्ही फिकट पिवळसर रंगाचे, घडीचे, जाड कार्ड निवडले. एका पत्रिकेला पाकिटासह १६ रुपये पडले आणि एकूण ७,२०० रुपये झाले. अक्षरे स्वच्छ, शाई एकसारखी, आणि कुऱ्हाडे या नावातला अर्धचंद्राकार ऱ असा ठसठशीत की व्याह्यांच्या आईंनी त्यावरून बोट फिरवून पाहिले. मुद्रित दोनदा कागदावर छापून दाखवले. मोबाइलवर पाठवून ‘पाहून घ्या’ असे म्हटले नाही. मुलीच्या लहान भाच्यांसाठी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ अगदी शेवटच्या दिवशी वाढवली, तीही कुरकुर न करता घेतली.

उणिवाही सांगायला हव्यात. पत्रिका सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा मिळाल्या. वीज गेली की स्क्रीनचे काम थांबते आणि दुकानात इन्व्हर्टर फक्त संगणकापुरता आहे. लग्नसराईत ही सोय त्यांनी करायलाच हवी. गणपतीच्या चित्रावरचा सोनेरी वर्ख साधारण वीस पत्रिकांवर पुसट उमटला होता. सांगितल्यावर त्या बदलून मिळाल्या, पण मोजून पाहिले नसते तर तशाच वाटल्या गेल्या असत्या. मागच्या बाजूचा विवाहस्थळाचा नकाशा फारच ओबडधोबड आहे. नदीवरचा पूल आणि फाटा यांतले अंतर त्यावरून कळत नाही, आणि त्यामुळे काही पाहुणे पुढच्या गावापर्यंत जाऊन परत आले. दरपत्रक भिंतीवर लावलेले नाही, प्रत्येक भाव विचारावा लागतो. भाव वाजवी आहेत, तेव्हा ते लावायला हरकत नसावी.

फाट्यावर लावायचा फ्लेक्सही त्यांनीच अमरावतीहून करून आणला. त्यावर एक गोष्ट त्यांनी स्वतःहून केली. गाडीतून जाणारा माणूस दोन सेकंदांत वाचतो, त्याला ‘आणि’ दिसत नाही, म्हणून फ्लेक्सवर आडनावांच्या ऐवजी वधूवरांची नावे, गावाचे नाव आणि बाण एवढेच ठेवले. पत्रिका घरात बसून वाचायची असते आणि फ्लेक्स रस्त्यावरून, हा भेद मोठ्या शहरांतल्या महागड्या दुकानांनाही सुचत नाही.

पत्रिका वाटताना आम्हाला जे दिसले तेही नोंदवतो. पहिली पत्रिका ग्रामदैवतापुढे ठेवली. त्यानंतर आम्ही वर्धा नदी ओलांडून कौंडिण्यपूरला गेलो आणि एक पत्रिका रुक्मिणीमातेच्या पायाशी ठेवली. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्या गावाला आमच्याकडे मान आहे, आणि आपल्या लग्नासाठी स्वतः पत्र लिहून पाठवणाऱ्या त्या मुलीपुढे पत्रिका ठेवताना मुलीची आई बराच वेळ हात जोडून उभी होती. गावात पत्रिका देताना माणसे मथळा वाचत, ‘झाडे’ म्हणत, खालच्या ओळीवर येत, ‘आणि कुऱ्हाडे’ म्हणत आणि मग हसत. पण ते हसू आमच्याकडे पाहून, आमच्या बरोबरीने येत असे. बैठकीत म्हण काढणाऱ्या त्या वडीलधाऱ्या पाहुण्यांना मी पत्रिका स्वतः नेऊन दिली आणि व्याह्यांचे दांड्याचे वाक्य सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले. लग्नाच्या पंगतीत तेच वाक्य त्यांच्या तोंडून मी तीन वेळा ऐकले.

ज्यांना या दुकानात जायचे असेल त्यांनी लग्नाच्या किमान चार आठवडे आधी जावे, कारण तुळशीचे लग्न आटोपले की तेथे रांग लागते. आठवडी बाजाराच्या दिवशी गल्लीत दुचाकी लावायलाही जागा नसते. दोन्ही घरच्या एकेका जाणत्या माणसाने बरोबर जावे, दाखल्यांच्या छायाप्रती न्याव्यात आणि नकाशा मात्र स्वतः काढून न्यावा. मुद्रित पाहताना आडनावे मोठ्याने म्हणायला सांगतील, तेव्हा लाजू नये. पत्रिका घेऊन निघताना मालकांनी आमची एक प्रत वहीत लावण्यासाठी मागितली. मी होकार दिला, तेव्हा त्यांनी खळीचा डबा उघडून ती माझ्यासमोरच, कापसे–बोंडे यांच्या पत्रिकेनंतर बऱ्याच पानांनी मोकळ्या राहिलेल्या जागी, बोटाने दाबून डकवली.